राणी रंगाचं नख

बोथ,
२४ ऑगस्ट २०२५

ती. मामा,

जयभीम.

फोन सोडून हे पत्र कशाला लिहितेय, म्हणून तुम्ही आठ्या घालाल. कारण साधं आहे. गुलाबी रंगाचा फोटो मोबाइलमध्ये कधीच खरा येत नाही. माझ्या फोनवर तो वांग्याच्या बाजूला झुकतो आणि हर्षदीपदादाच्या फोनवर लाल दिसतो. तुम्हाला रंग दाखवायचा तर कागदावरच पाठवायला हवा.

गावच्या विहारातली तुमची भिंत या पावसात फुगली. मूर्तीमागचं कमळांचं तळं तुम्ही रंगवलंत त्याला एकवीस वर्षं झाली. खिडकीकडची पाच कमळं गिलाव्यासकट खाली आली, सहा शाबूत आहेत. तुमचं नाव लिहिलेला कोपराही गेला. सुरेंद्रभाऊ आता समितीचे अध्यक्ष आहेत. त्यांनी नवीन गिलावा करून घेतला आणि मला म्हणाले, "मास्तराले जमत नसन त त्यायची भाची हाय ना, ड्रॉइंग टीचर. फुकटचा पगार थोडीच खाते."

तर काम माझ्या गळ्यात पडलं आहे. दर रविवारी नेरडीगोंड्याची बस धरून गावी जाते. १४ ऑक्टोबरला धम्मचक्र दिनाला भिंत उघडायची आहे. पाच कमळं काढणं मला अवघड नाही, रेषा तुम्हीच माझ्या हातात बसवलीत. अडलंय ते रंगापाशी. अ‍ॅक्रेलिकमध्ये तो भडक राणी रंग तुम्ही कसा आणला होता? नागपूरहून बाटल्या आणल्या होत्या एवढं आठवतं. काय किती घातलं, तेवढं लिहून पाठवा.

तब्येत सांभाळा. बासरला मुलाकडे, हर्षदीपदादाकडे राहून तुम्ही आम्हाला विसरलात, असं आई म्हणते.

तुमची भाची,
अर्पिता

•

बासर,
३० ऑगस्ट २०२५

चि. अर्पिता,

जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

दोन वर्षांनी मामाची आठवण आली, तीही गुलाबी रंगासाठी. असो, म्हाताऱ्याला पत्र आलं म्हणून पोस्टमनसुद्धा खूश झाला.

यात विचारण्यासारखं काय आहे? लाल घे, पांढरा घे, मिसळ. झाला गुलाबी. एक मात्र लक्षात ठेव, पांढऱ्यात लाल टाकायचा, लालमध्ये पांढरा टाकायचा नाही, नाहीतर बादलीभर रंग होईल आणि तरी फिक्का होणार नाही. बाकी हाताचा अंदाज असतो, तो पत्रातून कसा पाठवू? सदतीस वर्षं मास्तरकी केली आणि त्याआधी पाट्या रंगवल्या. माप घेऊन कधी बसलो नाही.

मी स्वतः आलो असतो, पण गुडघे ऐकत नाहीत. तुझी मामी जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून ब्रश हातात धरलेला नाही. सुरेंद्रला सांग, मास्तर म्हातारा झाला.

नाव मात्र नीट लिही. "चित्रकार : धोंडीबा दुर्गे". 'दु'चा उकार फार खाली ओढू नकोस, तिथे पाकळी येते.

तुझा मामा,
धोंडीबा

•

बोथ,
७ सप्टेंबर २०२५

ती. मामा,

जयभीम. तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं आणि सगळ्यांदेखत तोंडावर आपटले.

लाल आणि पांढरा मिसळला. भिंतीवर ओला होता तेव्हा बरा वाटला. जेवून येईपर्यंत वाळला आणि पिकल्या पपईसारखा झाला. सुरेंद्रभाऊंच्या आई, रुक्माबाई, काठी टेकत आल्या. तुमच्या कमळांकडे पाहिलं, माझ्या कमळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काऊन वं पोरी, हे कमळ हाय का गाजर?" त्यांची जीभ तुम्हाला ठाऊकच आहे. बाया हसल्या, मीही हसले. पण कानशिलं तापली होती.

मग दोन-चार तऱ्हा करून पाहिल्या. मजेंटा आणला, तर जांभळ्याकडे गेला. ओल्यात जुळवावा तर वाळून गडद होतो. यावरून आठवलं, मामी एकदा म्हणाली होती, "ओल्या रंगाचं आयकू नोको बाई. वाळू दे, मंग सांगते." तेव्हा मला वाटलं, ती भिंत सारवायच्या पांढऱ्या मातीबद्दल सांगतेय.

या पाकिटात पडलेल्या कमळाचा एक पोपडा ठेवला आहे. कापसात गुंडाळला आहे, जपून काढा. तुम्ही एवढंच करा, घरी जे रंग असतील त्यांतून याच्याशी जुळता एक ठिपका कार्डावर काढा, वाळवा आणि पाठवा. शेजारी काय काय घातलं ते लिहा. तुमचा हात आणि तुमची नजर, दहा मिनिटांचं काम आहे.

शाळेत मुली विचारतात, "मेडम, तुमच्या मामांनी खरंच ती भिंत रंगवली?" मी मान उंच करून हो म्हणते.

अर्पिता

•

बासर,
१३ सप्टेंबर २०२५

चि. अर्पिता,

जयभीम.

कार्ड सोबत आहे. घरात वेगळे रंग नव्हते, नातीच्या शाळेच्या डब्यातल्या ट्यूबा घेतल्या. तिने सगळ्यांची लेबलं कुरतडली आहेत, म्हणून नावं सांगू शकत नाही. पण तुझा पोपडा आणि माझा ठिपका खिडकीत शेजारी शेजारी ठेवून चांगली घटकाभर पाहिले. तंतोतंत आहे. कुठला कोणता ते ओळखू येत नाही.

हे कार्ड भिंतीला लावून त्याप्रमाणे रंग कर. रुक्माबाईला म्हणावं, मास्तराची नजर अजून शाबूत आहे.

खरं सांगतो, आज बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. कोणी मदतीला नसताना रंग जुळवला.

तुझा मामा

•

बोथ,
१८ सप्टेंबर २०२५

मामा,

जयभीम.

तुमचं पाकीट मी विहारातच, समितीसमोर फोडलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं, आता बघा. कार्ड काढून भिंतीला लावलं.

मामा, ते कार्ड राखाडी आहे. चुलीतली राख असते तसं. त्यात गुलाबीचा टिपूससुद्धा नाही. सुरेंद्रभाऊ म्हणाले, "मास्तर भाचीची मस्करी करून राह्यले वाटते." रुक्माबाईंनी तर पदर तोंडाला लावला.

मी काय समजायचं? काम तुम्हाला न देता मला दिलं याचा राग आला असेल, तर तो सरळ सांगायचा. मी भिंत सोडून देईन. माझा असा पंचनामा करायची गरज नव्हती. "तंतोतंत", "ओळखू येत नाही" हे वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि राग नसेल, तर मग तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. मी कालच हर्षदीपदादाला फोन करून सांगितलं, मामांना निर्मल शहरात डोळ्याच्या डॉक्टरकडे घेऊन जा, सगळी तपासणी कर. तो म्हणाला या शनिवारी नेतो.

तोपर्यंत मी भिंतीला हात लावत नाही.

अर्पिता

•

बासर,
२२ सप्टेंबर २०२५

अर्पिता,

हर्षदीपला फोन करायचा शहाणपणा तुला कोणी सांगितला होता? मी डॉक्टरकडे गेलो नाही आणि जाणारही नाही. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू नाही. माझे डोळे जसे होते तसेच आहेत.

यापुढे रंगाबद्दल मला विचारू नकोस. भिंत कोणाकडूनही करून घ्या. पांढरी केलीत तरी चालेल.

धोंडीबा दुर्गे

•

बोथ,
३० सप्टेंबर २०२५

ती. मामा,

जयभीम.

तुम्ही विचारू नकोस म्हणालात, तरी लिहिते आहे. आधी माफी मागते. मागच्या पत्रात मी फार लागट लिहिलं आणि दादाला मध्ये घातलं. रविवारी जे पाहिलं त्यानंतर मला ते पत्र परत घ्यावंसं वाटतंय.

खालची किनार रंगवायची म्हणून चौघांनी मिळून मूर्तीची लाकडी बैठक पुढे ओढली. ती एकवीस वर्षांत कोणी हलवली नव्हती. तिच्यामागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीवर अंगठे उमटलेले आहेत. गुलाबी रंगाचे नऊ अंगठे, एका ओळीत. पहिला पपईसारखा, दुसरा वांग्यासारखा, मग एकेक करत सुधारत गेलेले. प्रत्येकाखाली कोळशाने उभ्या रेघा आणि टिंबं. नवव्या अंगठ्याभोवती गोल केलेला आहे आणि त्याखाली सहा रेघा, दोन टिंबं, एक बारीकशी फुली.

तुम्हाला लिहिता येतं, मामा. तुम्ही रेघा कशाला माराल? अशा रेघा मी शेतावर पाहिल्यात. निंदणीच्या बाया किती ओळी झाल्या ते बांधावरच्या दगडावर असंच मांडतात.

मी चमचा घेऊन बसले. सहा चमचे पांढरा, दोन मजेंटा. फुलीपाशी अडले. निळा टाकून पाहिला, बिघडला. मग लिंबाच्या रंगाचा पिवळा चिमूटभर टाकला. एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला, वाळू दिला आणि नख तुमच्या कमळाच्या पाकळीला लावलं. मामा, नख पाकळीत हरवलं.

तिथेच मी खाली बसले. कारण नखावर थेंब का घेतला हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते मी लहानपणी पाहिलं होतं. बयनामामीचं डाव्या अंगठ्याचं नख नेहमी रंगलेलं असायचं. कधी निळं, कधी हिरवं, त्या उन्हाळ्यात राणी रंगाचं. मी दहा वर्षांची होते. आम्ही पोरी तिच्यामागे "नखरंगी मामी, नखरंगी मामी" करत फिरायचो. ओरडायला मीच सगळ्यांत पुढे. ती एकदाच वळून बघायची आणि पुढे चालू लागायची.

तुम्ही आम्हाला पेन्सिल शिकवायचात आणि रंगाची वेळ आली की म्हणायचात, "मले टाइम नाई, मामीकडं जा." ते आता समजतंय.

उद्घाटनाचा फोटो समितीच्या कपाटातून काढून पाहिला. तुमच्या अंगावर शाल आहे. मामी मागच्या रांगेत, दाराजवळ. दोन्ही मुठी वळलेल्या, अंगठे आत.

पाच कमळं काल पुरी झाली. नवी कोणती, जुनी कोणती, ते सुरेंद्रभाऊंनाही ओळखता आलं नाही. आता नावाचा कोपरा राहिला आहे. ते म्हणतात, होतं तसंच लिही, चित्रकार धोंडीबा दुर्गे. मी उद्यावर टाकत आलेय.

मामा, मी काय लिहू?

अर्पिता

•

बासर,
४ ऑक्टोबर २०२५

चि. अर्पिता,

जयभीम.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. सुनेला वाटलं पोट बिघडलं. आता लिहितो, आणि एकदा लिहिलं की पुन्हा वाचणार नाही. वाचलं तर फाडीन.

मला लाल आणि हिरवा कधी वेगळे दिसले नाहीत. गुलाबी मला राखेसारखा दिसतो. जन्मापासून. त्या कार्डावर जे गेलं ते मस्करी नव्हती, मला खरंच दोन्ही एक दिसले होते. त्या दिवशी किती आनंद झाला होता ते तुला मी लिहिलंही. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

चौथीत मी झाडाचा बुंधा हिरवा आणि पानं तपकिरी रंगवली. गुरुजींनी कान पिळला, वर्ग हसला. तेव्हापासून मी फक्त रेषा पक्की केली. रेषेत मला कोणी धरू शकत नव्हतं.

बयनाला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं. तिने सुपात मिरच्या घालून म्हटलं, लाल लाल निवडून द्या. मी हिरव्याच उचलून दिल्या. आधी ती हसली. मग माझं तोंड पाहिलं आणि हसायची थांबली. तिने परत तो विषय काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या रंगाच्या डब्यांच्या गळ्यात तिने सुतळी बांधली. एक गाठ पांढऱ्याला, दोन लालला, तीन हिरव्याला. पाट्या असोत, शाळेच्या भिंती असोत, निंदायला जायच्या आधी सकाळच्या उजेडात ती रंग कालवून ठेवायची. नखावर घ्यायची, वाळू द्यायची, मग मान हलवायची. मी दिवसभर तिने ठरवलेला रंग तिने सांगितलेल्या जागी भरायचो. लोक म्हणायचे, मास्तराची नजर बघा.

तू म्हणशील, नोकरी जायची भीती होती. होती. पण रिटायर झालो तेव्हा ती सबबही गेली. तरी मी बोललो नाही. मला ते नाव आवडायचं, बाई. दुसरं कारण नाही.

आता जे कोणाला माहीत नाही ते सांगतो. तुझ्या पूनमताईचं लग्न त्याच उन्हाळ्यात होतं, भिंत चालू असताना. मांडवात जेवणं वाढायची वेळ झाली. बयना भाताचं पातेलं घेऊन उभी राहिली. रुक्माबाई पंगतीतून म्हणाली, "काऊन वं बयना, निंदाले जातं अन् नखाले राणी कलर लावून राह्यली? या वयात कोणाले दाखवाचं हाय?" सगळी पंगत हसली. तुझी आई माझी बहीण आहे, तिचीच चूक काढत नाही, पण तिने आतून ब्लेड आणून दिलं. "वाढाचं हाय वहिनी, खरवड ते."

बयनाने माझ्याकडे पाहिलं. मी दोन हात अंतरावर उभा होतो. एवढंच म्हणायचं होतं, माझ्या कामाचा रंग आहे तो. मी म्हणालो, "शौक हाय तिले."

ती मांडवाच्या मागे जाऊन नख खरवडून आली आणि वाढायला लागली. तिला रक्त आलं होतं, ते मला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगठ्याला चिंधी बांधलेली पाहिली तेव्हा कळलं. तशाच चिंधीच्या हाताने तिने नववा रंग कालवला.

घरी येऊन ती मला एक शब्द बोलली नाही. अठरा वर्षं पुढे जगली, कधी बोलली नाही. ती बोलली असती तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

तुम्ही पोरी होतात, तुमचं काही नाही. तुम्हाला चिडवायला मोकळं रान मी दिलं होतं.

नाव लिहू नकोस. कोपरा रिकामा ठेव. १४ तारखेला मी येतो आणि सगळ्यांसमोर मीच सांगतो. तोवर कोणाला बोलू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

तुझा मामा

•

बोथ,
१६ ऑक्टोबर २०२५

मामा,

जयभीम.

मी शब्द पाळला, कोणाला बोलले नाही. तुम्ही पाळला नाहीत.

तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं, आता होईल. पुढे बसवलं, सुरेंद्रभाऊंनी शाल घातली, माइक तुमच्या हातात दिला. तुम्ही भिंतीकडे पाहिलंत, रुक्माबाईंकडे पाहिलंत, "सर्वांना जयभीम, भाचीने चांगलं काम केलं," म्हणालात आणि बसलात. खिरीची वाटीही घेतली नाहीत. उजव्या हाताने सगळ्यांना नमस्कार करत होतात, डावी मूठ शालीखाली. मी पाया पडायला आले तर हात मागे घेतलात. माझ्यावर राग आहे का? का संधिवात आहे? मी हायवेवर येईपर्यंत तुमची बस गेली होती.

कोपरा अजून रिकामा आहे. लोक विचारतात. मी सांगते, रंग वाळतोय.

गुलाबी रंगाची बरणी मी विहारातल्या कपाटात ठेवून आले आहे. शेजारी आणखी दोन बरण्या आहेत, किनारीचा हिरवा आणि पाण्याचा राखाडी.

मी तुमच्यावर रागावलेय, आणि तुम्हाला हे लिहिताना मलाच लाज वाटतेय. मी तरी त्या दिवशी कुठे उठून बोलले? मामीच्या मागे ओरडताना मला माइक लागला नव्हता.

अर्पिता

•

बासर,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. अर्पिता,

जयभीम.

तू शाळेच्या ट्रेनिंगला गेली होतीस म्हणून काल तुला काही सांगता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर तू नसताना जायचं हेही मी मुद्दाम ठरवलं. तुझ्यासमोर दुसऱ्यांदा हात आखडला असता तर पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं.

आधी १४ तारखेचं. मूठ रागाची नव्हती. सकाळी निघताना मी नातीकडून अंगठ्याच्या नखाला राणी रंग लावून घेतला होता. ठरवलं होतं, नख दाखवायचं आणि मग बोलायचं. बासरहून भैंशापर्यंत हात मांडीवर उघडा होता. भैंशाला कॉलेजच्या दोन पोरी चढल्या. एकीने दुसरीला कोपर मारलं, तेलुगूत म्हणाली, "ताताकु नेल पॉलिश," म्हणजे आजोबाला नेल पॉलिश, आणि दोघी खिडकीकडे तोंड करून हसल्या. एवढंच. पोरी वाईट नव्हत्या, एकीने नंतर मला खिडकीची जागाही दिली. पण मूठ आपोआप मिटली ती मिटलीच. माइक हातात असतानाही उघडली नाही. मला फोटोतली बयना दिसत होती. तिने तसं वर्षानुवर्षं सोसलं आणि मला भैंशा ते नेरडीगोंडा झेपलं नाही.

घरी येऊन नख धुतलं नाही. हर्षदीपने विचारलं तेव्हा त्याला पहिल्यांदा सांगितलं, त्याच्या आईचं. तो म्हणाला, "बाबा, मायच्या नखाची मलेबी लाज वाटे. शाळेत डबा घेऊन आली त मी दुरूनच घ्यायचो." आम्ही दोघं बाप-लेक एकमेकांकडे न बघता चहा प्यालो.

काल रविवारच्या वंदनेला गेलो. पंधरा-वीस माणसं होती. वंदना झाल्यावर सुरेंद्र म्हणाला, मास्तर, नाव लिहाले आले का? मी म्हटलं, हो, पण माझं नाही. आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मिरच्यांपासून मांडवापर्यंत. रुक्माबाईचं नाव घेतलं नाही. पंगतीतून कोणी बोललं, एवढंच म्हणालो. माझं वाक्य मात्र जसं होतं तसं सांगितलं. शौक हाय तिले.

सुरेंद्र टोपी काढून बसला. मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आता सगळ्यांना माहीत आहे, तर लाज चारचौघांत घेऊन फिरावी लागेल. तेच बरोबर आहे.

मग मी कपाट उघडलं. तीन बरण्या. तू झाकणावर काही लिहिलं नव्हतंस, आणि मला तिन्ही सारख्याच दिसत होत्या. बयना असती तर सुतळीची गाठ चाचपली असती. मी एक बरणी उचलून बायांच्या बाजूला वळलो आणि विचारलं, "कोणी सांगान का मले, हा राणी रंग हाय का?" जन्मात पहिल्यांदा हा प्रश्न मी घराबाहेर विचारला.

रुक्माबाई काठी टेकत उठली. पंगतीतलं बोलणं कोणाचं होतं ते तिला कळलं होतं, हे तिच्या चालण्यातच दिसत होतं. बरणीत तिने अंगठा बुडवला. मी विचारलं, "हाच ना?"

तिने नख भिंतीवरच्या पाकळीजवळ नेलं आणि तसंच धरून उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "थांबा मास्तर. वाळू द्या, मंग सांगते."

आम्ही सगळे थांबलो. नख वाळलं. तिने मान हलवली.

नाव मी लिहिलं आहे. "रंग : बयनाबाई दुर्गे". खाली जागा होती, माझं लिहिलं नाही. अक्षर सरळ आलं आहे असं सगळे म्हणाले. तू जाशील तेव्हा रंग तेवढा बघून घे, मला दिसत नाही.

तुझा मामा,
धोंडीबा